सीबीडी शरीरात किती दिवस राहते? बाटली उघडण्याआधी हा हिशेब समजून घ्या

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर सीबीडी तेलाच्या जाहिराती सर्रास दिसू लागल्या आहेत. झोप येत नाही, गुडघे दुखतात, परीक्षेचे टेन्शन आहे, या सगळ्यावर जिभेखाली चार थेंब टाका, असे सांगितले जाते. सोबत दोन वाक्ये ठरलेली असतात: 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि 'नशा होत नाही'.

वस्त्यांमध्ये तरुणांबरोबर काम करताना याबद्दल एक प्रश्न हमखास येतो. घेतले तर शरीरातून कधी जाते? विचारणारा बहुधा मर्चंट नेव्हीच्या मेडिकलची तयारी करत असतो, आखाती देशातल्या नोकरीसाठी कागदपत्रे जमवत असतो, नाहीतर खेळाडू असतो. त्याला मित्रांकडून उत्तर मिळालेले असते, 'तीन-चार दिवसांत जाते रे, काही होत नाही.' हे उत्तर अर्धवट आहे, आणि नोकरीचा प्रश्न असतो तेव्हा अर्धवट उत्तर महागात पडते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सीबीडी म्हणजे नेमके काय?

भांग, गांजा, चरस हे सगळे एकाच झाडापासून मिळते. त्या झाडात शंभरहून अधिक खास रासायनिक घटक आहेत. त्यांतले दोन महत्त्वाचे. पहिला टीएचसी, ज्यामुळे नशा चढते. दुसरा कॅनाबिडिऑल, म्हणजेच सीबीडी. सीबीडीमुळे गांजासारखी नशा होत नाही, हे खरे आहे. पण नशा होत नाही याचा अर्थ शरीरावर परिणाम होत नाही, असा नाही.

सीबीडी हे औषधही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये 'एपिडिओलेक्स' या सीबीडीच्या द्रव औषधाला मान्यता दिली, ती लहान मुलांमधल्या अपस्माराच्या दोन गंभीर प्रकारांसाठी. त्या निमित्ताने माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या आणि सीबीडी शरीरात किती वेळ टिकते याचे विश्वासार्ह आकडे हाती आले.

अर्धायुष्याचा हिशेब

कोणतेही औषध शरीरातून एका झटक्यात जात नाही. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. दर अर्धायुष्याला उरलेल्यातले निम्मे जाते. शंभराचे पन्नास, पन्नासचे पंचवीस, मग साडेबारा, सहा, तीन. म्हणजे पाच अर्धायुष्ये झाली की साधारण ९७ टक्के औषध रक्तातून गेलेले असते.

एपिडिओलेक्सच्या चाचण्यांत निरोगी माणसांना ते सात दिवस, दिवसातून दोन वेळा दिले गेले. तेव्हा सीबीडीचे अर्धायुष्य ५६ ते ६१ तास भरले. आपण सोयीसाठी ६० तास, म्हणजे अडीच दिवस धरू. पाच वेळा अडीच म्हणजे साडेबारा दिवस. मित्राने सांगितलेले 'तीन-चार दिवस' इथेच कोसळतात.

पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात तोंडात फवारा मारल्यावर अर्धायुष्य सुमारे दीड ते अकरा तास, धूर ओढल्यावर ३१ तास, आणि रोज पोटातून घेत राहिल्यास दोन ते पाच दिवस असे आढळले. पाच दिवसांचे अर्धायुष्य धरले तर पूर्ण हिशेब पंचवीस दिवसांवर जातो. म्हणजे एकदाच थोडे घेणाऱ्याच्या रक्तातून ते दोन-तीन दिवसांत जवळजवळ जाऊ शकते, तर महिनाभर रोज घेणाऱ्याला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागू शकतात.

एवढा फरक का पडतो?

मुख्य कारण असे की सीबीडी पाण्यात नाही, चरबीत विरघळते. रक्तातून ते शरीरातल्या चरबीत जाऊन बसते आणि तिथून हळूहळू परत रक्तात येते. रोज घेतले की हा साठा वाढत जातो. बंद केल्यावरही तो काही दिवस झिरपत राहतो.

दुसरे कारण जेवण. सीबीडी तोंडाने घेतले तर त्याचा अगदी थोडा भाग, सुमारे सहा टक्के, प्रत्यक्ष रक्तात पोहोचतो. बाकीचे आतड्यात आणि यकृतातच अडते. पण तेच भरपूर तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतले तर रक्तातली सर्वोच्च पातळी पाचपट आणि एकूण प्रमाण चौपट वाढल्याचे चाचण्यांत दिसले आहे. थेंब तेवढेच, पण रिकाम्या पोटी वेगळे आणि रविवारच्या मटणानंतर वेगळे.

तिसरे कारण यकृत, म्हणजे लिव्हर. सीबीडी मोडण्याचे मुख्य काम यकृत करते आणि नंतर ते बहुतांशी शौचावाटे बाहेर पडते. यकृताचा मध्यम आजार असणाऱ्यांमध्ये रक्तातले प्रमाण निरोगी माणसाच्या सुमारे अडीचपट आणि गंभीर आजारात पाचपट आढळले. दारूने किंवा काविळीने ज्याचे यकृत खराब झाले आहे, त्याने जाहिरातीतल्या थेंबांचे प्रमाण स्वतःला लावू नये.

लिंबूपाणी पिऊन, खूप पाणी पिऊन किंवा 'डिटॉक्स'ची पुडी घेऊन हे लवकर निघून जाते, असे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. सीबीडी मुख्यतः लघवीवाटे जातच नाही, मग पाण्याने ते धुऊन कसे निघेल? एवढा साधा प्रश्न त्या व्हिडिओला विचारावा.

चाचणीत काय सापडते?

आता मुद्द्याचे. नोकरीसाठी लघवीची जी नेहमीची चाचणी होते, ती सीबीडी शोधतच नाही. ती टीएचसी शरीरात मोडल्यावर तयार होणारा पदार्थ शोधते. म्हणून खरा प्रश्न 'सीबीडी किती दिवस राहते' हा नसून 'माझ्या बाटलीत टीएचसी आहे का, आणि ते किती दिवस राहते' हा आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

शुद्ध सीबीडीने अशी चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता फार कमी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा जणांना १०० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी दिले, तेव्हा एकाचीही चाचणी पॉझिटिव्ह आली नाही. पण त्याच सहा जणांना सीबीडी जास्त आणि टीएचसी अगदी थोडे, ०.३९ टक्के, असलेल्या वनस्पतीची वाफ एकदाच दिली, तर दोघांची चाचणी पॉझिटिव्ह आली. अभ्यास लहान आहे, पण धडा स्पष्ट आहे.

बाजारात मिळणारी बाटली शुद्ध असतेच असे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली गेली. लेबलवरच्या प्रमाणाशी जुळणारी जेमतेम ३१ टक्के निघाली आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. 'फुल स्पेक्ट्रम' असे लिहिलेल्या बाटलीत तर झाडातले इतर घटक मुद्दाम ठेवलेले असतात, त्यात टीएचसीही आले.

टीएचसीचा हा अंश एकदाच घेणाऱ्याच्या लघवीत साधारण तीन-चार दिवस, रोज घेणाऱ्यात दहा दिवस किंवा जास्त आणि खूप काळ भरपूर घेणाऱ्यात महिनाभरही सापडू शकतो. केसांच्या चाचणीत तर सुमारे तीन महिने मागचे दिसू शकते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर 'मी गांजा नाही, तेल घेतले होते' हे सिद्ध करणे फार अवघड. एजंटला दिलेले पैसे, कोर्सची फी, घरच्यांनी काढलेले कर्ज, सगळे त्या एका कागदावर अडकते.

खेळाडूंसाठी: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०१८ पासून सीबीडीला बंदीच्या यादीतून वगळले. टीएचसीवर मात्र स्पर्धेच्या काळात बंदी कायम आहे. बाटलीत टीएचसी निघाले तर जबाबदारी खेळाडूचीच.

कायद्याची बाजू

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याचा राळेसारखा चीक. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. या फटीतूनच आपल्याकडची बरीच सीबीडी तेले 'विजया' या नावाने, पानांपासून बनवलेले आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जातात. पण औषधांच्या नियमांत भांग ही वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांच्या यादीत आहे आणि तशी सूचना लेबलवर असावी लागते. म्हणजे ही खोबरेल तेलासारखी वस्तू नाही. हेम्पच्या बियांचे खाद्यतेल हा वेगळा पदार्थ आहे, त्यात सीबीडी जवळजवळ नसते.

देशाबाहेर जाणाऱ्यांनी आणखी जपावे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये सीबीडीवर बंदी आहे. इथे बिल घेऊन विकत घेतलेली बाटली तिथल्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते.

घरातल्या औषधांशी होणारी गाठ

हा धोका नोकरीपेक्षाही मोठा, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. यकृतातली जी विकरे सीबीडी मोडतात, त्यांच्याकडेच इतर अनेक औषधांचेही काम असते. सीबीडी त्यांच्या वाटेत येते. अपस्मारावरच्या क्लोबाझाम या औषधाचा सक्रिय घटक सीबीडीमुळे रक्तात तिप्पट झाल्याचे आढळले आहे. त्यामुळे रुग्णाला अतिशय गुंगी येऊ शकते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताला इजा होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढल्याचीही नोंद आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सीबीडी घेऊ नये, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा स्पष्ट सल्ला आहे.

इथे वरचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो. आईने आज तेल बंद केले म्हणून उद्यापासून धोका संपला असे होत नाही. ते आठवडा-दोन आठवडे शरीरात असू शकते. म्हणून ऑपरेशनआधी किंवा नवे औषध सुरू होताना डॉक्टरांना हे सांगायलाच हवे. भांगेचे नाव घ्यायला संकोच वाटतो, डॉक्टर काय म्हणतील असे वाटते. पण लपवलेली माहिती रुग्णालाच भोवते. आणि डॉक्टरांनीच अपस्मारासाठी सीबीडी दिले असेल, तर हा लेख वाचून ते अचानक बंद करू नका. झटके वाढू शकतात.

आपण काय करायचे?

चाचणी असलेली नोकरी किंवा स्पर्धा पुढे असेल तर सीबीडी सुरूच करू नका. दिवस मोजून वेळ साधण्याचा खेळ खेळू नका, कारण तुमच्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला माहीत नसते. आधीपासून घेत असाल तर बाटली आणि लेबल जपून ठेवा, त्या बॅचचा टीएचसीचा प्रयोगशाळा अहवाल कंपनीकडे मागा. मिळत नसेल तर तेवढ्यावरूनच काय ते समजा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या डब्याजवळ अशी बाटली दिसली तर रागावू नका. कोणती गोळी चालू आहे ते बघा आणि बाटलीसकट त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. आरोग्य शिबिरात आपण बीपी, शुगर, चालू गोळ्या विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: 'ऑनलाइन मागवलेले एखादे तेल, थेंब, चूर्ण घेता का?' विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि न विचारल्यास बहुतेक जण आपणहून सांगत नाहीत.