बरं वाटलं तरी गोळी सुरूच

छातीत कळ आली की मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचा माणूस नागपूरची वाट धरतो. सौसरचाही तसाच. अँजिओग्राफी असो, स्टेंट असो की बायपास, सीमेपलीकडचं नागपूरच सोयीचं पडतं. मात्र ती वेळ येऊच नये यासाठीची शुश्रूषा कितीतरी वर्षं आधी गावच्या आरोग्य केंद्रात सुरू व्हावी लागते, आणि तिचा मोठा भार सिस्टरवर असतो.

त्यासाठी आधी रक्तदाब आटोक्यात हवा. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम 2017 मध्ये पाच राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांपासून सुरू झाला. महाराष्ट्रातून वर्धा, भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग निवडले गेले. मध्य प्रदेशातून निवडलेल्यांत छिंदवाडा होता. पांढुर्णा आणि सौसर तेव्हा छिंदवाड्यातच होते. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तो 2023 मध्ये. उपक्रमाची रीत सरळ होती. मोजकी औषधं, ती वाढवण्याच्या ठरलेल्या पायऱ्या, महिनाभराच्या गोळ्या एकदम आणि प्रत्येक भेटीची नोंद. रक्तदाब 140/90 च्या खाली आणायचा. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पुरस्कार मिळाला.

बीपी मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. उन्हातून चालत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला तर आकडा फुगतो. त्याला पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर आणि बोलणं बंद. अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा झालाय का, हे विचारायचं. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगायचं. मग दोनदा मोजायचं. गर्दीच्या दिवशी हे सगळं पाळणाऱ्या सिस्टरचं मोल फार मोठं आहे, कारण चुकीच्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते किंवा राहूनही जाऊ शकते.

सुरुवात बहुधा एम्लोडिपीनने होते. तिने काहींच्या घोट्यांवर सूज येते, आणि हे आधी सांगितलेलं नसलं की रुग्ण घाबरून गोळीच सोडतो. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. मेटोप्रोलोलसारख्या गोळीने नाडी मंदावते, म्हणून ती मोजत राहावी लागते. ही गोळी एकाएकी बंद करणं धोक्याचं. हृदय कमजोर झालेल्याला लघवीची गोळी सकाळी द्यायची आणि रोज वजन करायला सांगायचं. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजून दवाखाना गाठायचा.

संत्र्याच्या या पट्ट्यात संत्रं चालतं का, हा प्रश्न साहजिकच आहे. काही हृदयाच्या औषधांशी वाकडं आहे ते ग्रेपफ्रूटचं. नागपुरी संत्र्याची तशी भीती नाही. मूत्रपिंड अधू असलेल्याने मात्र टेल्मिसार्टन चालू असताना डॉक्टरांना विचारूनच खावं, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. जास्त जपायचं ते मिठाला: दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड आणि ठेचा यांतच त्यातलं बरंच संपतं.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काहीही दुखत नसताना गोळी घेत राहणं. बीपी आवाज करत नाही. तोडणीच्या हंगामात शेतकरी पहाटेच बागेत जातो आणि संपलेल्या गोळ्या आणायचं राहून जातं. अशा वेळी न आलेल्याला फोन करणारी सिस्टर किंवा दारापर्यंत जाणारी आशाताई औषधाइतकीच कामाला येते.

झटका आलाच तर 108 ला फोन. डॉक्टरांच्या सल्ल्याने अॅस्पिरिन चावून खायला द्यायची. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याआधी बीपी बघायचं, कारण ती दाब खाली आणते. रुग्णाने नुकतीच पुरुषांसाठीची ‘ताकदीची’ गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते. लोक हे घरच्यांसमोर सांगत नाहीत, म्हणून बाजूला घेऊन विचारावं लागतं.

नागपूरहून स्टेंट टाकून परतलेल्याकडे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. दात काढायचाय म्हणून त्यातली एक जरी परस्पर बंद केली तरी स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. अशा वेळी सिस्टर आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन लावायला सांगते, मग दातांची तारीख.