शस्त्र ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी

वाणगाव स्टेशनवर विरार लोकलची वाट बघत उभं राहिलं की जगातले सगळे प्रश्न पाच मिनिटांत सुटतात. ऑक्टोबर 2025 मध्ये असाच एकजण मोबाइल पुढे धरून म्हणाला, ‘‘आयुष्यभर बंदूक चालवा, मग सरकारकडून लाखो रुपये घ्या, गुन्हे पण माफ. आणि आपण एमआयडीसीत नाइट मारतोय!’’ शेजारच्या काकांनी मान डोलावली. तेवढ्यात गाडी आली आणि बोलायचं राहून गेलं.

बातमी भूपतीची होती. मल्लोजुला वेणुगोपाल राव, ऊर्फ सोनू, माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य. 15 ऑक्टोबर 2025 ला गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर त्याने आणि त्याच्या 60 साथीदारांनी 54 शस्त्रं खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी शरण आली होती. टीव्हीवर दिसतो तो हा एवढाच दिवस. लोकांचे बहुतेक गैरसमज याच एका दिवसावर बेतलेले आहेत.

आधी पैशाचं बघू. डोक्यावरचं बक्षीस आणि पुनर्वसनाची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. केंद्राच्या योजनेत वरच्या फळीतल्या माणसाला 5 लाख, मधल्या आणि खालच्या फळीला अडीच लाख ठरलेले आहेत. शस्त्र आणून दिलं तर त्याचे वेगळे. पण हे पैसे हातात पडत नाहीत. त्या माणसाच्या नावाने बँकेत मुदत ठेव होते आणि वागणूक नीट राहिली तर तीन वर्षांनी मोकळी होते. तोवर काम शिकण्यासाठी महिना 10 हजार विद्यावेतन. दहा हजारांत महिना कसा निघतो, हे बोईसरच्या कुठल्याही कंत्राटी कामगाराला विचारा. महाराष्ट्राची स्वतःची आत्मसमर्पण योजना 2005 पासून चालू आहे, म्हणजे ही काही कालपरवाची टूम नाही. एकट्या गडचिरोलीत तेव्हापासून सातशेहून अधिक जण बाहेर आले आहेत.

गुन्हे माफ होतात, हेही खरं नाही. खून, चकमकी यांसारख्या गंभीर गुन्ह्यांचे खटले कोर्टात चालूच राहतात. सरकार वकील देतं. किरकोळ गुन्ह्यांत तडजोडीला वाव असतो, तोही राज्याने ठरवलं तर. अर्थात ज्यांच्या घरातला माणूस ‘खबऱ्या’ ठरवून मारला गेला, त्यांना खटला चालू आहे एवढ्यावर समाधान कसं वाटावं? या योजनांचा सगळा भर येणाऱ्यावर आहे, ज्यांनी सोसलं त्यांच्यावर कमी. स्टेशनवरच्या त्या माणसाच्या रागात मला पटणारा भाग असेल तर तो हाच.

‘शरण आला म्हणजे गावी परत गेला’ ही समजूत तर सगळ्यांत भाबडी. दलम, म्हणजे माओवाद्यांची सशस्त्र तुकडी, सोडलेल्या माणसाला जुने साथीदार गद्दार मानतात आणि गावात पाऊल टाकणं जिवावर बेतू शकतं. म्हणून गडचिरोलीजवळ अशा लोकांसाठी ‘नवजीवन’ वसाहत आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी जंगलात गेलेली, माडिया बोलणारी मुलगी तिशीत बाहेर येते तेव्हा तिच्याकडे आधार कार्ड नसतं, रेशन कार्ड नसतं, बँकेत कधी गेलेली नसते. सरकारदरबारी ती जणू जन्मलेलीच नाही. भाषणं कुणी काहीही करो, पुनर्वसन सुरू होतं ते या कागदांपासून.

आणि एक गोष्ट, जिची चर्चा फारशी होत नाही. माओवादी पक्षात लग्नाची परवानगी मिळे, पण बहुतेकदा पुरुषाने नसबंदी करून घ्यायची या अटीवर. मूल म्हणजे पायातली बेडी, असा हिशोब. त्यामुळे बाहेर आल्यावर अनेक जोडप्यांनी ही शस्त्रक्रिया उलटवून घेतली आणि त्यांना मुलं झाली. माझ्या मते विचार सोडले की नाही याची कुठलीही लेखी कबुली या निर्णयापुढे फिकी आहे.

‘शरण आला की पोलीस होतो’ हे अर्धसत्य छत्तीसगडातून आलंय. तिथल्या डीआरजी (डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड) या पोलीस दलात माजी नक्षलवादी घेतात. तिथेच सलवा जुडुम या माओवाद्यांविरुद्धच्या मोहिमेच्या काळात नेमलेले विशेष पोलीस अधिकारी सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बेकायदा ठरवले होते. महाराष्ट्रातलं सी-60 हे पथक 1990 मध्ये उभं राहिलं ते प्रामुख्याने स्थानिक पोलीस जवानांमधून. बंडखोराच्या हातात पुन्हा बंदूक द्यायची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी. 1825 मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रमने खानदेशात, धरणगावला, भिल्लांचीच पलटण उभारली. पण तेव्हाही नुसत्या पलटणीवर भागलं नाही. त्याच सुमारास भिल्ल एजन्सी नेमून जमीन, बैल, तगाई दिली गेली. नेपाळने उलट वाट धरली. तिथे संयुक्त राष्ट्रांनी तपासून पात्र ठरवलेल्या 19,602 माओवादी लढवय्यांपैकी सैन्यात गेले जेमतेम 1,400. बहुतेकांनी 5 ते 8 लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली.

आपल्या वाणगाव-डहाणू भागातला गैरसमज वेगळाच आहे. लाल बावटा दिसला की बाहेरून आलेला पाहुणा विचारतो, ‘‘तुमच्याकडेपण नक्षल?’’ नाही हो. इथला लाल बावटा 1945 चा, वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांचा आणि त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकरांचा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्यात गोळीबार झाला तो जमलेल्या आदिवासींवर. पुढे हीच चळवळ निवडणुकीत उतरली आणि 1977 मध्ये डहाणूतून लहानू कोम लोकसभेत गेले. इथे परत आणायला कुणी जंगलात गेलेलंच नव्हतं.

गडचिरोलीत आता काम कुठलं मिळतं? काहींना कोनसरीला, लॉयड्स मेटल्सच्या लोखंडाच्या कारखान्यात. 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी सुरजागडच्या खाणीवरची सत्तरहून अधिक वाहनं जाळली होती. कोनसरीला येतं ते त्याच सुरजागडचं लोहखनिज. भट्ट्या रात्री विझवत नाहीत, म्हणजे तिथेही कुणीतरी नाइट मारतच असणार.