ओठांवरची लव आणि केसाचे मूळ

नागपुरातील एका शाळेत नववी-दहावीच्या मुलींसाठी आम्ही प्रश्नपेटी ठेवली होती. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही, एवढाच नियम. एका चिठ्ठीत दोन प्रश्न होते : ‘मला मिशी येते. ती कायमची कशी घालवायची? वस्तरा लावला तर केस दाट होतात का?’

हे प्रश्न मुली वर्गात विचारत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा तिच्या गुणांऐवजी ओठांवरच्या केसांचीच टवाळी झाली. अशा वातावरणात मुली गुपचूप मिळेल तो उपाय करतात. म्हणून या उपायांमागचे विज्ञान शिक्षकांना ठाऊक असायला हवे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. त्वचेच्या वर दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. जिवंत भाग असतो तो त्वचेखालच्या केशकूपात. तेथील पेशी सतत वाढत नाहीत. काही काळ वाढ, मग विश्रांती, मग केस गळून पुन्हा वाढ, असे चक्र चालते. वयात येताना पुरुषी संप्रेरकांमुळे बारीक, फिकट लवेचे जाड, काळे केस होऊ लागतात. ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. त्यांना केशकूप किती प्रतिसाद देतात हे बरेचसे आनुवंशिक असते.

आता कोणत्याही उपायाबद्दल एकच प्रश्न विचारावा : हा उपाय केसाच्या कोणत्या भागावर काम करतो?

वस्तरा फक्त निर्जीव भाग कापतो. मुळाला त्याची खबरही नसते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजमापे घेऊन दाखवले, की दाढी केल्याने केसांची जाडी वा वेग वाढत नाही. मग केस राठ का लागतात? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट. पेन्सिलीचे टोक मोडले की रेघ जाड येते, म्हणून आतले शिसे जाड झाले असे आपण म्हणत नाही.

केस काढण्याचे मलमही पृष्ठभागावरच काम करते. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. मलमातील थायोग्लायकोलेट हे बंध तोडते. आपल्याकडे ही युक्ती जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ असा लेप सांगितला आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचे संयुग. ते विषारी असल्याने आज वापरू नये. आधुनिक मलमही तीव्र अल्कधर्मी असते आणि त्वचेतही केराटिन असतेच. म्हणून वेष्टनावर दिलेल्या वेळेपेक्षा ते अधिक ठेवले, तर चेहरा भाजतो. ब्लीच तर केस काढतच नाही, फक्त त्याचा रंग घालवते.

दोरा, चिमटा किंवा वॅक्सिंगने केस मुळापासून उपटला जातो, पण केस घडवणाऱ्या पेशी मागे उरतात. काही आठवड्यांत नवा केस येतो.

मुळावरच घाव घालणाऱ्या पद्धती दोन. विद्युत्-विच्छेदनाचा उपाय अमेरिकेतील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी प्रसिद्ध केला. केशकूपात बारीक सुई घालून एकदिश प्रवाह सोडतात. सुई ऋणाग्र असते. मिठाच्या द्रावणाच्या विच्छेदनात ऋणाग्राजवळ काय तयार होते, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल : सोडियम हायड्रॉक्साइड. तेच मूळ नष्ट करते. मात्र एकेक केस घ्यावा लागत असल्याने वेळ फार लागतो.

लेसरचा प्रकाश केसातील मेलॅनिन शोषते आणि त्या उष्णतेने मूळ भाजते. पण मेलॅनिन आपल्या सावळ्या त्वचेतही असते. म्हणून अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा, खोल जाणारा लेसर अधिक सुरक्षित मानतात. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात त्वचा रापलेली असताना लेसर घेतल्यास डाग पडण्याचा धोका वाढतो. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. विश्रांती घेणाऱ्या केशकूपांवर परिणाम कमी होत असल्याने बऱ्याच बैठका लागतात. केस खूप कमी होतात, कायमचे नाहीसे होतीलच असे नाही. चेहऱ्यावर क्वचित ते उलट वाढल्याच्याही नोंदी आहेत.

‘वेदनारहित आणि कायमचे’ या आश्वासनाचा इतिहासही सांगावा. १९२० च्या दशकात अमेरिकेत सौंदर्यगृहांतून क्ष-किरणांनी केस घालवले जात. केस गेले, पण अनेक स्त्रियांना पुढे त्वचेचा कर्करोग झाला.

एक गोष्ट मात्र चुकवू नये. केस अचानक व झपाट्याने वाढले, पाळी अनियमित झाली, आवाज घोगरा झाला किंवा मुरमे व वजन फार वाढले, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. बीजकोशांचा पीसीओएस हा विकार किंवा क्वचित दुसरा एखादा आजार त्यामागे असू शकतो. तेथे दोरा फिरवून कारण जात नाही.

त्या चिठ्ठीला आम्ही वर्गासमोरच उत्तर दिले, मुलगे बसलेले असताना. ओठांवर लव असणे हा दोष नाही. ती काढावी की ठेवावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. तास संपल्यावर पेटी पुन्हा ठेवली, तेव्हा तीत मुलग्यांच्याही चिठ्ठ्या पडल्या.