टेबल सॉचा फेन्स: समांतरता कशी तपासावी?

टेबल सॉवर कापलेली कड जळकट दिसते किंवा फळी मध्येच अडकते, तेव्हा पात्याची धार तपासा. पण फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवतात ती पट्टी, पात्याला समांतर आहे का, हेही पाहा.

फेन्सचे मागचे टोक पात्याकडे झुकले, तर फळी मागच्या दातांवर दाबली जाते. हे दात टेबलातून वर येऊन तुमच्या दिशेने वळतात. ते फळी उचलून तुमच्यावर फेकू शकतात. यालाच किकबॅक म्हणतात. २५४ मिमी व्यासाचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो.

तपासणीचा क्रम:

१. प्लग काढा. पाते पूर्ण वर घ्या.

२. टेबलातील मायटर खाच हलत नाही, म्हणून मापे तिच्यापासून घ्या. एका दातावर खूण करून त्याचे खाचेपासूनचे अंतर पुढे मोजा. पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणा व पुन्हा मोजा. फरक असल्यास आधी पाते जुळवा.

३. फेन्स लॉक करून खाचेपासून दोन्ही टोकांची अंतरे मोजा. फरक असल्यास जुळवणीचे बोल्ट सैल करा, फेन्स सरळ करा, बोल्ट आवळा.

४. फेन्स सोडून पुन्हा लॉक करा व मोजा. माप बदलले, तर लॉक आणि रुळावरचा भुसा तपासा.

मागचे टोक केसभर बाहेर असले तर चालेल. आत मात्र मुळीच नको.