ताम्हिणीच्या पावसात कोणता कॅमेरा?

छंद छायाचित्रणाचा : लेखांक ६

जून उजाडला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो : "ताम्हिणीला जायचंय, वॉटरप्रूफ कॅमेरा कोणता घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा दुकानात जाऊन आलेला असतो आणि खोक्यावरचे आकडे त्याला पाठ असतात. हा १५ मीटरपर्यंत चालतो, तो २० मीटरपर्यंत. पण घाटात फोटो काढणारा माणूस पंधरा मीटर खोल पाण्यात उतरत नाही. तो कठड्याशी उभा असतो, डोक्यावर छत्री, समोर ढग, आणि सकाळी अकरा वाजता संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. म्हणून माझं सांगणं असं, की मीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी दोन गोष्टी पाहायच्या : कमी उजेडात कॅमेऱ्याचं कसं भागतं, आणि पावसातून परत आल्यावर त्याला कोरडा ठेवायची तुमच्याकडे काय सोय आहे.

ताम्हिणीचा पाऊस म्हणजे काय, ते आधी आकड्यात बघू. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी नोंदवलेल्या चोवीस तासांत तिथे ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहराला अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर मिळतो. चांदणी चौकातून निघून पिरंगुट, पौड, मुळशी करत डोंगरवाडीच्या पुढे आलात, की शहराच्या वर्षभराच्या पावसातला मोठा वाटा एका दिवसात झेलणाऱ्या मुलखात तुम्ही उभे असता. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प कोकणातून सरळ या कड्यांवर आदळतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथेच कोसळतं. आकाशात ढगांचा जाड थर, खाली दाट झाडी, मध्ये धुकं. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ताम्हिणीत पाणी मुबलक आणि उजेडाचा दुष्काळ.

हा दुष्काळ किती, ते एका हिशोबाने कळेल. पावसाळी दिवशी झाडीखालचा उजेड मोजला तर आयएसओ १००, छिद्र एफ/८ आणि शटर पाव सेकंद असं काहीतरी उत्तर येतं. ओढ्याच्या पाण्याची रेशमासारखी धार हवी असेल तर हे आयतंच जमून आलं. ट्रायपॉड लावा, पाव सेकंद द्या, पाणी आपोआप मऊ होतं. त्यामुळे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्यायची घाई करू नका. उघड्यावरच्या, रस्त्याकडेच्या धबधब्याला तो लागेल, झाडीतल्या ओढ्याला सहसा लागत नाही. सर्क्युलर पोलरायझर मात्र घ्याच. ओल्या पानांवर आणि काळ्या कातळावर आकाशाची पांढरी चकाकी बसलेली असते, तिच्यामुळे हिरवा रंग फिका दिसतो. फिल्टर बोटाने हळूहळू फिरवत स्क्रीनकडे बघा. एका जागी ती चकाकी विरते आणि पानांचा खरा रंग वर येतो. हा फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, पण ट्रायपॉडवर त्याची फिकीर नाही. फोटो घरी आणून रंग कितीही वाढवले तरी हा परिणाम मिळत नाही, कारण चकाकीखाली झाकलेला रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

आता त्याच उजेडात हलणारी गोष्ट टिपायची आहे असं समजा. फांदीवरून उडी घेणारं शेकरू, किंवा ओढ्यात उड्या मारणारी मुलं. त्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग लागतो. एफ/२.८ची चांगली लेन्स असली तरी आयएसओ ३२०० वर जातो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्सचं छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ असतं, तिथे हाच आकडा १२८०० होतो. इथे सेन्सरचा आकार निर्णायक ठरतो. वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत जो १/२.३ इंची म्हणवणारा सेन्सर असतो त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर भरतं. मायक्रो फोर थर्ड्सचं सव्वादोनशे, एपीएस-सीचं साडेतीनशेच्या वर, फुल फ्रेमचं ८६४. छोट्या सेन्सरवर ३२०० आयएसओला शेकरूच्या केसांचा लगदा होतो. एपीएस-सीवर दाणे दिसतात, पण केस केसच राहतात.

म्हणजे वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट वाईट का? अजिबात नाही. ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ घ्या. २०२३ साली आलेला, १५ मीटर खोलीपर्यंत चालणारा, दोन मीटर उंचीवरून पडलेला सोसणारा, खिशात मावणारा. रुंद बाजूला छिद्र एफ/२, आणि रॉ फाइल मिळते. त्याचं खरं मोल मात्र वेगळ्याच जागी आहे. त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं फुलतात, दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब चमकतात, त्या थेंबात अडकलेलं चिलट असतं. मोठा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घेऊन त्या ओल्या सड्यावर पोटावर झोपणं फार थोड्यांना जमतं. हा कॅमेरा मात्र सरळ चिखलात टेकवायचा आणि नंतर बाटलीतल्या पाण्याने धुवायचा. शटरचा वेग थेट ठरवायची सोय त्यात नाही, ही उणीव पक्की लक्षात ठेवून घ्या. फुलं, बेडूक, किडे हा तुमचा विषय असेल, किंवा घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हाती बिनधास्त कॅमेरा द्यायचा असेल, तर याच्याइतका चांगला साथी नाही. शेकरू आणि पक्षी हा विषय असेल तर पैसे दुसरीकडे घाला.

दुसरीकडे म्हणजे वेदर सील असलेल्या बॉडीवर. इथे दुकानदारांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त घोळ असतो. वॉटरप्रूफ म्हणजे बुडवलेला चालतो. वेदर सील म्हणजे सांध्यांना, बटणांना, बॅटरीच्या झाकणाला रबर किंवा फोमच्या पट्ट्या आहेत आणि शिंतोडे आत जायला अडथळा आहे. बहुतेक कंपन्या त्याला कोणताही आकडा देत नाहीत. ओएम-१ आणि ओएम-५ या कॅमेऱ्यांना आयपी ५३ असा दर्जा दिलेला आहे, तोही सील असलेली योग्य लेन्स लावलेली असताना. त्यातला ५ हा धुळीचा आणि ३ हा पाण्याचा. हा ३ काय सांगतो? उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या फवाऱ्याची चाचणी. आणि ताम्हिणीच्या कड्यावर पाऊस कसा येतो? दरीतून वर उसळणारा वारा थेंबांना खालून वर घेऊन येतो. अंधारबनच्या वाटेवर कुंडलिकेच्या दरीच्या तोंडाशी उभं राहिलेल्याला हे सांगायला नको, तिथे छत्री उलटी होते. अशा पाण्यासाठी कोणतीही चाचणी झालेली नसते. म्हणून सील असलेल्या कॅमेऱ्यालाही वरून कव्हर हवंच. भात लावणारी माणसं पाठीवर इरलं घेतात ते पाठीला पाऊस बाधतो म्हणून नव्हे, दिवसभर वाकून काम करता यावं म्हणून. कॅमेऱ्याच्या कव्हरचं काम तेच आहे. ते स्वस्तातलं प्लॅस्टिकचं असलं तरी चालेल, फक्त आत हात घालून झूम फिरवता आलं पाहिजे, हे दुकानातच करून बघा.

सील असलेली बॉडी घेतली आणि लेन्स साधी असली तर पैसे वाया. लेन्स हातात घेऊन उलटी करा, बॉडीला बसणाऱ्या धातूच्या कडीभोवती रबराची बारीक झालर दिसते का बघा. नसेल तर पाणी तिथूनच आत शिरणार. झूम करताना पुढे-मागे लांब होणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची ओली हवा आत ओढते, तेव्हा पावसात सतत झूम करत बसू नका. घाटात लेन्स बदलणं तर विसराच. जी लावून गाडीतून उतरलात, तिच्यावरच ती फेरी पार पाडायची. फुजीफिल्मच्या लेन्सवर डब्ल्यूआर अशी अक्षरं असतात, पेंटॅक्सच्याही, त्याने ओळखणं सोपं जातं. नवं परवडत नसेल तर वापरलेला मधल्या दर्जाचा डीएसएलआर हा उत्तम मार्ग आहे. निकॉन डी७२००सारखी २०१५ सालची बॉडी आजही या उजेडात नव्या वॉटरप्रूफ कॉम्पॅक्टपेक्षा कितीतरी चांगलं चित्र देते.

ताम्हिणी उतरून विळ्याकडे गेलात आणि पुढे कोलाडला राफ्टिंगचा बेत असेल, तर मात्र सगळा हिशोब बदलतो. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीपल्याड भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रात उतरतं, वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सोडलं जातं, आणि त्या सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्ट चालतात. तिथे उघडं आकाश असतं, उजेड पुरेसा असतो, आणि पाणी अंगावर आदळतं. इथे ॲक्शन कॅमेऱ्याला पर्याय नाही. गोप्रो हिरोचे अलीकडचे बहुतेक कॅमेरे वेगळ्या केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ॲक्शन ४ १८ मीटरपर्यंत. या पट्ट्यात कोणताही घ्या, चित्रात फार फरक पडणार नाही. फरक पडतो तो दोरीने. कॅमेरा लाइफ जॅकेटला छातीशी बांधा, आणि हातात धरायचा असेल तर तरंगणारा दांडा लावा. हे कॅमेरे स्वतः तरंगत नाहीत, आणि गढूळ पाण्यात गेलेला कॅमेरा सापडत नाही.

या सगळ्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांचं मर्म झाकणाभोवतीच्या रबरी कडीत आहे. पाणबुडे झाक-ईव्ह कुस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंता झां द वूतेर यांनी कॅलिप्सो हा कॅमेरा घडवला, १९६३ पासून निकॉनने तो निकोनॉस या नावाने काढला, आणि वेगळ्या पेटीशिवाय पाण्यात नेता येणारा कॅमेरा लोकांच्या हाती आला. तेव्हाही पाणी अडवत होती ती रबरी कडीच, आजही तीच. तिच्यावर एक केस किंवा तांबड्या मातीचा एक कण बसला की पंधरा मीटरचा दावा तिथेच संपतो. बॅटरीचं झाकण लावण्याआधी कडीवरून कोरडं बोट फिरवा, उजेडात धरून बघा, मगच बंद करा. ओल्या हाताने, पावसात, टपरीच्या वळचणीला उभं राहून बॅटरी बदलू नका.

फोनबद्दल थोडक्यात. आयपी ६८चा फोन घाटातल्या पावसाला पुरतो, पण ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली आहे. धबधब्याची धार त्यात येत नाही. पाणी शिरलं तर ते सहसा वॉरंटीत बसत नाही. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सवय लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावसात भिजून जाणाऱ्या कॅमेऱ्यांपेक्षा दमट हवेने खराब होणारे कॅमेरे मला जास्त दिसतात. पुण्याहून एसी लावून निघालेल्या गाडीत कॅमेरा गार पडलेला असतो. डोंगरवाडीला दार उघडून तो बाहेर काढला की घाटातली भरलेली हवा त्याच्या काचेवर वाफेचा थर धरते, चष्मेवाल्यांना हे ठाऊक आहेच. वरचा थर पुसता येतो, लेन्सच्या आतला येत नाही. पौड मागे पडलं की एसी बंद करून काचा थोड्या खाली घ्या आणि कॅमेरा बंद बॅगेतच ठेवा. बाहेर पुसायला सुती पंचा जवळ असू द्या, तो पाणी पितो. मायक्रोफायबर फक्त काचेसाठी.

घरी आल्यावर बॅटरी आणि कार्ड काढून पंख्याखाली रात्रभर ठेवा. ओली बॅग तशीच कपाटात गेली की बुरशी आलीच. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी लेन्सच्या काचेवर धरते, आणि जुलैत आपल्या घरात आर्द्रता त्याहून वरच असते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की मंद आचेवर तापवायचे, निळे झाले की परत डब्यात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, त्याचा कोंडा लेन्सच्या खाचांत जातो. वापरलेली लेन्स घेतानाही हेच तपासा. छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, नको म्हणा. बुरशी काचेवरच्या लेपालाच खाते. ती साफ केली तरी व्रण राहतो.

जागेबद्दल एवढंच. २०१३ पासून ताम्हिणीचा मोठा भाग अभयारण्य आहे. आत फोटो काढायलाही वन विभागाची परवानगी लागते, ड्रोनला तर नक्कीच. दर पावसाळ्यात काही ठिकाणं बंद होतात, तेव्हा निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश बघा. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून गेली. ओल्या कातळावर शेवाळ दिसत नाही, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पाय काय करतो हे कळत नाही. ट्रायपॉड आधी लावा, चौकट ठरवा, मग मागे या आणि केबल किंवा दोन सेकंदांच्या टायमरने शटर दाबा.

पुढच्या लेखांकात पोलरायझर : कोणत्या व्यासाचा घ्यायचा, एकाच फिल्टरवर तीन लेन्स कशा भागवायच्या, आणि रुंद लेन्सवर आकाशात पट्टा का उमटतो.