दोन रुपयांमधील विनिमय-दर : १९४९ ते १९५५

भारत व पाकिस्तान यांच्या रुपयांत विनिमय-दराचा प्रश्न सप्टेंबर १९४९ पर्यंत उद्‌भवलाच नव्हता. १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्वतंत्र मध्यवर्ती बँक सुरू झाली, तरी रुपयास रुपया हेच प्रमाण टिकून होते. १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने त्याचे अनुकरण केले, पाकिस्तानने केले नाही. भारतीय रुपया ३०.२२५ अमेरिकी सेंटांवरून २१ सेंटांवर आला. साहजिकच शंभर पाकिस्तानी रुपयांस सुमारे १४४ भारतीय रुपये पडू लागले.

गणित सोपे होते; भारताने ते मान्य मात्र केले नाही. फाळणीनंतर तागाची शेते बहुतांशी पूर्व बंगालात राहिली होती, तर गिरण्या हुगळीकाठी. नव्या दराने कच्चा ताग गिरण्यांना शेकडा ४४ महाग पडला असता. दर नाकारल्यामुळे तो मिळणेच दुरापास्त झाले. एप्रिल १९५० च्या अल्पमुदती करारात तागाचा हिशेब भारतीय रुपयांत मांडून मूळ वाद बाजूस ठेवण्यात आला. ही तोड अर्थशास्त्राची नव्हे, मुत्सद्देगिरीचीच म्हटली पाहिजे. जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले, कच्च्या मालाचे भाव कडाडले आणि पाकिस्तानची बाजू बळावली. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर स्वीकारला.

युद्धकालीन तेजी ओसरताच तोच दर पाकिस्तानच्या निर्यातीस जाचू लागला. अखेर ३१ जुलै १९५५ रोजी त्यानेही अवमूल्यन केले व जुने प्रमाण परत आले. ते ६ जून १९६६ च्या भारतीय अवमूल्यनापर्यंत टिकले.