आई म्हणते एक, बाई म्हणतात दुसरं: बालमानसोपचाराचं प्रशिक्षण आणि आपलं संशोधन

बालमानसोपचारतज्ज्ञ व्हायला किती वर्षं लागतात? आधी हा हिशोब उरकून टाकू. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग सायकियाट्रीतलं एमडी तीन वर्षं आणि त्यावर बाल व किशोर मानसोपचारातलं डीएम आणखी तीन. बेरीज साडेअकरा. कुठेही वर्ष वाया न गेलेला विद्यार्थी तिशीला टेकतो. डीएमच्या जागा देशभरात मोजक्याच. बंगळुरूचं निम्हान्स आणि चंडीगडचं पीजीआय ही त्यातली ठळक नावं. अमेरिकेत सायकियाट्रीची रेसिडेन्सी चार वर्षांची आणि बालविभागाची फेलोशिप दोन वर्षांची असते, पण तिसऱ्या वर्षानंतर फेलोशिप सुरू करून पाच वर्षांत दोन्ही संपवता येतं. डीएम नसलेला एमडी डॉक्टरही मुलांना तपासतो आणि औषधं देतो. आपल्याकडे बहुतेक मुलं त्याच्याकडेच जातात.

खरा प्रश्न वेगळा आहे. मोठ्यांचं मानसोपचार शिकून झाल्यावर मुलांसाठी आणखी तीन वर्षं कशाला? औषधाचा डोस वजनाप्रमाणे कमी केला की झालं, असं वाटू शकतं. तसं नाही. मोठा माणूस बऱ्याचदा स्वतःची तक्रार घेऊन येतो. मुलाला कुणीतरी आणतं. तक्रार आईची असते, शाळेची असते, कधी आजीची. मूल समोर बसून खुर्चीचं रेक्झिन सोलत असतं. शिवाय वयाप्रमाणे लक्षणाचा अर्थ बदलतो. तीन वर्षांच्या मुलाने अंथरूण ओलं केलं तर त्याला आजार म्हणत नाहीत; पाच वर्षांच्या आत ते निदान करतच नाहीत. म्हणून शिकणाऱ्या डॉक्टरला आधी निरोगी मूल कसं वाढतं हे पाठ व्हावं लागतं.

आता संशोधकांच्या कामाचा भाग. यावर जरा थांबू.

१९८७ साली आखेनबाख, मॅककॉनॉही आणि हॉवेल यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की एकाच मुलाबद्दल वेगवेगळ्या माणसांनी दिलेली माहिती किती जुळते. आई आणि वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतल्या माणसांत सहसंबंध ०.६० च्या आसपास आला. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांमध्ये तो ०.२८ वर घसरला. मूल स्वतः आणि इतर यांच्यात तर ०.२२. आकडा छोटा वाटत नसेल तर वर्ग करून बघा: ०.२८ चा वर्ग साधारण ०.०८. म्हणजे शिक्षकांनी दिलेल्या गुणांमधला जेमतेम ८ टक्के फरक पालकांच्या गुणांवरून समजतो.

मग खोटं कोण बोलतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना चुळबुळ दिसते, घरी मोबाईल हातात असल्यावर आईला ती दिसत नाही. उलट, रात्री झोप न लागणारी मुलगी वर्गात गप्प बसते आणि बाईंच्या दृष्टीने ती ‘आदर्श’ ठरते. अतिचंचलतेच्या, म्हणजे एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून असायला हवीत, असं डीएसएम-५ सांगतं ते यामुळेच. प्रशिक्षणातली कितीतरी वर्षं हेच शिकण्यात जातात: तीन माणसांच्या तीन कहाण्या ऐकायच्या आणि कुठल्याही एकीला घाईने खरी मानायची नाही.

तुम्ही मात्र सिनॉप्सिसमध्ये एका ओळीत ‘पालकांकडून प्रश्नावली भरून घेतली जाईल’ असं लिहून मोकळे होता. त्या ओळीने निम्मा निकाल ठरलेला असतो. ‘पालक किंवा शिक्षक’ हा नियम लावला तर त्रास असलेल्या मुलांची टक्केवारी फुगते, ‘पालक आणि शिक्षक’ लावला तर आकसते. मुलं तीच. म्हणून कुठलाही प्रादुर्भावाचा आकडा वाचताना माहिती कुणी दिली हे आधी शोधा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटासाठी ७.३ टक्के हा आकडा आला. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी ‘महाराष्ट्रातील ७.३ टक्के किशोर’ असं वाक्य तुमच्या प्रस्तावनेत असेल, तर ते आजच खोडा.

साधनांबद्दल थोडक्यात. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी रुजवली तेव्हा नुसती भाषा बदलून भागलं नाही, इथल्या मुलांवर ती पुन्हा बसवून घ्यावी लागली. आपण मात्र इंग्रजी प्रश्नावली रात्रीतून मराठीत आणतो. ‘रेस्टलेस’ला ‘अस्वस्थ’ लिहिलंत तर आई काळजीबद्दल उत्तर देईल; तुम्हाला विचारायचं होतं चुळबुळीबद्दल.

शेवटचा मुद्दा संमतीचा. आयसीएमआरची मुलांवरील संशोधनासाठीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की पालकांच्या संमतीसोबत ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा आणि १२ ते १८ साठी लेखी. वडिलांनी सही केली आणि मुलगी ‘नको’ म्हणाली, तर साधारणपणे नकोच. सॅम्पल कमी पडतंय हे कारण चालत नाही.

आणि एक वाक्य, जे अनेक मुलाखत-पत्रिकांत सर्रास दिसतं: ‘तू सांगितलेलं कुणालाच कळणार नाही.’ शिकाऊ डॉक्टरला हे वाक्य म्हणायचं नाही हे सुरुवातीलाच शिकवतात. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याने (२०१२) ते कळवणं बंधनकारक आहे, आणि ते बंधन फक्त डॉक्टरवर नाही, तुमच्यावरही आहे. मग मुलाने विश्वासाने सांगितल्यावर तुम्ही शब्द मोडणार. त्याऐवजी पहिल्या प्रश्नाच्या आधी, मुलाला समजेल अशा भाषेत, हे म्हणा: ‘तू सांगशील ते मी माझ्यापाशीच ठेवेन. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होतेय असं कळलं, तर मला मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसांना सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन.’ हे ऐकून मुलाने काही प्रश्न सोडले तर सोडू द्या, आणि किती जणांनी सोडले ते प्रबंधात नोंदवा.